पासवर्ड बरोबर आहे तरी मिंट परत लॉगिनवरच आणून सोडतंय

झेरॉक्सवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. दुकानातल्या लॅपटॉपनं काल दुपारपासून वैताग आणलाय. लिनक्स मिंट २१.३ आहे, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं, ४ जीबी रॅम, मशीन जुनंच आहे पण आजवर तक्रार नव्हती. काल शुक्रवारी दुपारी लाइट गेली, बॅटरी कधीचीच मेलीय त्यामुळं लॅपटॉप फटकन बंद पडला. तासाभरानं लाइट आल्यावर चालू केला तर लॉगिनची स्क्रीन नीट आली, नाव बरोबर, पासवर्ड टाकला, एंटर मारला, स्क्रीन सेकंदभर काळी झाली आणि परत लॉगिनचीच स्क्रीन. वीस वेळा तरी केलं असेल. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला तर लगेच चुकीचा आहे म्हणून सांगतंय, बरोबर टाकला की काहीच बोलत नाही, नुसतं परत दारात आणून उभं करतंय.

आत तीन वर्षांची गिऱ्हाइकांची कामं आहेत, प्रतिज्ञापत्रं, बायोडाटे, दोन लग्नपत्रिका अर्धवट आणि त्यातली एक सोमवारी छापायला जायचीय. बॅकअप आहे पण दिवाळीतला. भाचा म्हणतोय लाइट गेली तेव्हा हार्डडिस्क उडाली, फॉरमॅट मारू. अलीकडं मी काहीच बदललेलं नाही. टर्मिनल फारसं येत नाही पण कुणी सांगितलं तर टाइप करू शकतो. काय करू?

निवांत_पाटील:
लग्नपत्रिका वेळेत हवी असेल तर विंडोज टाका आणि मोकळे व्हा. (पळतो आता.)

खटपट्या:
पाटील, बसा खाली.

झेरॉक्सवाले, फॉरमॅट अजिबात करू नका आणि भाच्याला लॅपटॉपपासून दोन हात लांब ठेवा. तुम्ही स्वतःच अर्धं निदान करून टाकलंय. चुकीच्या पासवर्डला ते नाही म्हणतंय, म्हणजे पासवर्ड तपासणारा भाग ठणठणीत आहे. बरोबर पासवर्डला ते तुम्हाला आत घेतं, तुमचं डेस्कटॉप सेशन चालू करायला जातं, ते सेशन सुरू होता होता मरतं, आणि सेशन संपलं म्हणजे माणूस लॉगआउट झाला असं समजून लाइटडीएम परत लॉगिन दाखवतो. मिंटमध्ये लॉगिनची स्क्रीन सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे लाइटडीएम. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही की काही बिघडलंय. याला सगळे लॉगिन लूप म्हणतात आणि त्यात फायली जात नाहीत.

आता लॉगिन स्क्रीनवर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर बरोबर एफएन पण दाबावं लागतं. काळी स्क्रीन येईल, तिथं नाव आणि पासवर्ड मागेल. तिथून आत जाता येतंय का तेवढंच आधी सांगा. परत यायला कंट्रोल ऑल्ट एफ७.

मी फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठी आहे, त्यामुळं कमांडी देवनागरीत लिहीन, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाका.

झेरॉक्सवाला_तासगाव:
काळी स्क्रीन आली. नाव टाकलं पण पासवर्ड टाइपच होईना, चांदण्या पण दिसेनात. कीबोर्ड पण गेला काय?

खटपट्या:
नाही नाही, तिथं पासवर्ड दिसतच नाही, चांदणी नाही ठिपका नाही, काही नाही. डोळे झाकून टाइप करा आणि एंटर मारा.

झेरॉक्सवाला_तासगाव:
गेलो आत! पण एक धस्स झालं बघा. एलएस टाकून फायली बघितल्या तर इंग्रजी नावाच्या दिसतायत आणि मराठी नावाची सगळी फोल्डरं नुसते ठोकळे ठोकळे. प्रतिज्ञापत्रांचं फोल्डर, पत्रिकांचं फोल्डर, सगळ्यांची नावं गेली. भाचा म्हणतोय बघा मी सांगितलं होतं.

खटपट्या:
भाच्याला चहा आणायला पाठवा. त्या काळ्या स्क्रीनला देवनागरी दाखवताच येत नाही, तिच्याकडं तेवढी अक्षरंच नसतात. नावं जशीच्या तशी आहेत, फक्त दिसत नाहीत. डेस्कटॉप आला की परत दिसतील.

सरिता_नाशिक:
मध्ये बोलते, हेच सेम माझ्याकडं झालं होतं आणि कारण निघालं डिस्क भरली होती. सेशन सुरू होताना होम फोल्डरमध्ये बारीकसारीक फायली लिहाव्या लागतात, जागाच नसेल तर ते मरतं. आणि गंमत म्हणजे लॉगिन स्क्रीन नीट येते, कारण ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवलेली असते, सिस्टीमचं काम त्यात भागतं आणि आपण मात्र कोरडे. माझ्या २५६ जीबीच्या डिस्कवर म्हणजे बारातेरा जीबी रिकामे दिसत होते आणि मला एक अक्षर लिहिता येत नव्हतं, दोन दिवस डोकं धरून बसले होते. डीएफ स्पेस डॅश एच टाका, आणि डीएफ डॅश आय पण टाका, कारण कधी कधी जागा असते पण आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदीच्या जागा, संपलेले असतात. भरली असेल तर (सुडो म्हणजे रूटच्या अधिकारानं) सुडो एपीटी क्लीन, आणि सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइज, बरोबरचं चिन्ह, २००एम. तेवढ्यानं लॉगिन होण्याइतकी जागा निघते, मग आत जाऊन साफसफाई करा.

झेरॉक्सवाला_तासगाव:
ताई धन्यवाद. पहिल्यात ६१ टक्के भरलंय, दुसऱ्यात ९ टक्के. म्हणजे हे नाही ना?

सरिता_नाशिक:
नाही. बरं झालं, एक गोष्ट कटली.

डेबियनकर:
९९ टक्के वेळा .एक्सऑथॉरिटी असते. फाइलचा मालक रूट झालेला असतो. होममध्ये ती फाइल उडवा, परत लॉगिन करा, झालं. यावर इतके धागे येऊन गेलेत की आता खरं तर वर चिकटवून ठेवायला पाहिजे.

खटपट्या:
९९ टक्के जरा जास्तच होतंय. नवीन उबुंटूला लाइटडीएमच्या जागी जीडीएम असतो आणि तो ही फाइल होममध्ये ठेवतच नाही, रन फोल्डरमध्ये ठेवतो, तरी लोक उबुंटूवर होममधली फाइल उडवत बसतात आणि मग काही झालं नाही म्हणून रडतात. मिंटवर लाइटडीएम आहे तेव्हा इथं शक्यता खरी आहे. झेरॉक्सवाले, एलएस डॅश एल स्पेस डॉट एक्सऑथॉरिटी टाका, फक्त पहिला एक्स कॅपिटल, बाकी सगळं छोटं. ओळीत मालकाचं नाव दोनदा येतं, तुमचं येतंय का रूट येतंय बघा. तसंच .आयसीईऑथॉरिटीचं करा, त्यात आयसीई कॅपिटल, नंतरचं सगळं छोटं. आणि एलएस डॅश एलडी स्लॅश टीएमपी, त्याच्या पहिल्या शब्दाच्या शेवटी टी पाहिजे.

झेरॉक्सवाला_तासगाव:
दोन्हीला माझंच नाव आहे, दोनदा. टीएमपीच्या शेवटी टी आहे. तरी डेबियनकरांचं ऐकून पहिली फाइल उडवली, परत लॉगिन केलं, तेच. फाइल आपोआप परत तयार झाली.

डेबियनकर:
हं. मग उरलेल्या १ टक्क्यात आहात.

मीनल_बंगळूर:
डेबियनकर ते रूटवालं प्रकरण मुळात होतं कशानं हे पण सांगा ना, नुसतं फाइल उडवा सांगून काय होणार. एक्सऑथॉरिटीत एक १२८ बिटांची कुकी असते, डेस्कटॉपवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला स्क्रीनवर काही काढायचं असेल तर ती दाखवावी लागते, थोडक्यात गेटपास. लोक सुडो लावून एडिटर नाहीतर फाइल मॅनेजर उघडायचे आणि उबुंटूत पूर्वी सुडो केलं तरी होम आपलंच राहायचं, त्यामुळं रूट आपल्या घरात येऊन स्वतःच्या नावानं फायली टाकून जायचा. १९.१० पासून ते बदललं, आता सुडोचं होम रूटचंच असतं, म्हणून हा प्रकार हल्ली कमी दिसतो. जुन्या इन्स्टॉलवर अपग्रेड चढवत आलेल्यांकडं अजून तसल्या फायली पडलेल्या असतात.

झेरॉक्सवाल्यांना एक विचारते, बाकी सगळं सोडा, नवीन युजर करून बघितला का? सुडो ॲडयुजर आणि पुढं काहीतरी नाव, समजा चाचणी. खोली नंबर, फोन नंबर असलं काय काय विचारेल, नुसतं एंटर मारत जा. मग एफ७ वर येऊन त्या नावानं लॉगिन करा. तो आत गेला तर मशीन, डिस्क, ड्रायव्हर, एक्सएफसीई सगळं चांगलं आहे आणि भानगड फक्त तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे. नाही गेला तर उलट. अंधारात काठ्या मारत बसण्यापेक्षा हे आधी करायला पाहिजे होतं, खटपट्या तुम्हीसुद्धा.

खटपट्या:
मान्य. सवयीनं फायलींच्या मागं लागलो.

झेरॉक्सवाला_तासगाव:
चाचणी आत गेला!!! सगळा डेस्कटॉप आला, प्रिंटरपण दिसतोय. माझ्या नावानं मात्र अजून तेच. हार्डडिस्क गेलेली नाही हे भाच्याला दाखवलं, आता तो म्हणतोय मी तसं म्हटलंच नव्हतं.

मीनल_बंगळूर:
छान. आता तुमच्या नावानं काळ्या स्क्रीनवर जा आणि .एक्ससेशन-एरर्स नावाची फाइल बघा. कॅट स्पेस डॉट एक्ससेशन डॅश एरर्स, सगळी अक्षरं छोटी. किती मोठी आहे आणि त्यात एक्सएफसीईचं नाव कुठं येतंय का?

झेरॉक्सवाला_तासगाव:
जेमतेम चार ओळी आहेत. एक्सएफसीई कुठंच नाही. आयबस असं एकदा दिसतंय.

मीनल_बंगळूर:
म्हणजे एक्सएफसीईपर्यंत गाडी पोचतच नाहीये, त्याच्या आधीच उतरतेय. त्यामुळं एक्सएफसीईच्या सेटिंगचं फोल्डर उडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पॅनेल वगैरे फुकट नव्यानं लावत बसाल. एक्सएफसीईच्या आधी लाइटडीएमचं स्क्रिप्ट तुमच्या होममधल्या दोन फायली वाचतं, .प्रोफाइल आणि .एक्सप्रोफाइल. आता एलएस डॅश एलएटी टाका, म्हणजे सगळ्यात ताज्या फायली वर येतील, वर सरकून गेलं तर पुढं उभी रेघ देऊन हेड लावा. या दोनपैकी कुणी वरच्या दहात आहे का?

झेरॉक्सवाला_तासगाव:
आहे. .एक्सप्रोफाइल. बुधवार रात्री ११:४०.

अरे देवा. आठवलं. बुधवारी रात्री मी आयबस बसवलं होतं मराठी टायपिंगसाठी. पण त्यानंतर दोन दिवस व्यवस्थित चाललं की हो!

मीनल_बंगळूर:
"अलीकडं काहीच बदललेलं नाही" 😄

दोन दिवसांत एकदा तरी लॉगआउट किंवा रीस्टार्ट केलं होतं का?

झेरॉक्सवाला_तासगाव:
नाही ताई. रात्री झाकण पाडून जातो, सकाळी उचलतो. चार्जर लावलेलाच असतो म्हणून बॅटरी नसली तरी भागतं. शुक्रवारी लाइट गेल्यावरच पहिल्यांदा बंद झाला असणार.

खटपट्या:
घ्या. ती फाइल फक्त लॉगिन होताना वाचली जाते. बुधवारी खड्डा खणला आणि शुक्रवारी त्यात पडलात, मधे दोन दिवस त्याच्या कडेकडेनं फिरत होतात. लाइटवाल्यांना उगाच शिव्या घातल्या. फाइलमध्ये काय आहे ते टाका इथं.

झेरॉक्सवाला_तासगाव:
चार ओळी आहेत, आता चाचणीच्या डेस्कटॉपवरून लिहितोय, वाचून वाचून टाइप केलंय:
एक्सपोर्ट जीटीके_आयएम_मॉड्यूल=आयबस
एक्सपोर्ट क्यूटी_आयएम_मॉड्यूल=आयबस
एक्सपोर्ट एक्समॉडिफायर्स=@आयएम=आयबस
एक्झेक आयबस-डीमन -डीआरएक्स

पहिल्या तीन एका ब्लॉगवरून घेतल्या. चौथीत एक्झेक मी लावलं, कारण दुसऱ्या एका ठिकाणी .एक्सइनिटआरसी नावाच्या फायलीत शेवटची ओळ एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४ अशी होती, मला वाटलं शेवटच्या ओळीला एक्झेक लावायचीच पद्धत आहे.

मीनल_बंगळूर:
सापडला! आणि चूक अगदी समजण्यासारखी आहे, हसत नाही मी.

एक्झेकचा अर्थ "हा प्रोग्रॅम चालव" एवढाच नाही. "माझ्या जागी हा प्रोग्रॅम बसव आणि मी संपलो" असा आहे. .एक्सइनिटआरसीमध्ये ते बरोबर आहे, कारण तिथं शेवटी एक्सएफसीईच सूत्रं हातात घेतं आणि तुम्ही लॉगआउट होईपर्यंत चालू राहतं. .एक्सप्रोफाइल ही मात्र मधली फाइल. लाइटडीएमचं स्क्रिप्ट ती वाचून झाल्यावर पुढं एक्सएफसीई सुरू करणार असतं. तुमच्या एक्झेकनं त्या स्क्रिप्टलाच उठवलं आणि त्याच्या जागी आयबसला बसवलं, पुढच्या ओळी वाचायला कुणी उरलंच नाही. त्यातून डीआरएक्समधला डी म्हणजे आयबसनं स्वतःची एक प्रत मागच्या दारानं कामाला लावायची आणि मूळ प्रोसेसनं लगेच निघून जायचं. लाइटडीएमच्या लेखी सेशन म्हणजे तो मूळ प्रोसेस. तो गेला, सेशन संपलं, चला लॉगिन स्क्रीनवर. म्हणून तुम्हाला एक सेकंद काळी स्क्रीन दिसत होती.

नशीब हे तुम्ही .प्रोफाइलमध्ये नाही लिहिलंत. ती फाइल काळ्या स्क्रीनवरचं लॉगिनसुद्धा वाचतं, मग तिथूनही असंच बाहेर फेकलं असतं आणि खटपट्यांची पहिली युक्ती पण चालली नसती.

आता काळ्या स्क्रीनवर तुमच्या नावानं: एमव्ही स्पेस डॉट एक्सप्रोफाइल स्पेस एक्सप्रोफाइल डॅश जुनी. उडवू नका, नुसतं नाव बदला. मग एफ७, चाचणीला लॉगआउट करा आणि स्वतःच्या नावानं या.

झेरॉक्सवाला_तासगाव:
आलो!!!!! सगळं जिथल्या तिथं. मराठी नावाची फोल्डरं पण दिसतायत. पत्रिका उघडली, अक्षर न् अक्षर आहे. ताई, खटपट्या, सगळ्यांना साष्टांग. आता मराठी टायपिंगचं काय करू मात्र? ते लागतंच मला.

खटपट्या:
आयबस तसंच राहू दे, त्या फायलीची गरजच नव्हती. मिंटच्या मेनूत इनपुट मेथड म्हणून सेटिंग आहे, तिथं आयबस निवडा, एकदा लॉगआउट होऊन परत या, ते तीन एक्सपोर्ट आणि डीमन (मागं चालत राहणारा प्रोग्रॅम) चालू करणं सगळं मिंट स्वतः करतं. मग आयबस-एम१७एन पॅकेज टाका, त्यात मराठीचे इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, गमभन सगळे मिळतात. तुमची सवय कशाची?

झेरॉक्सवाला_तासगाव:
रेमिंग्टन. वडिलांच्या टाइपरायटरवर शिकलो.

डेबियनकर:
मग आयबसच बरं. इनस्क्रिप्टवाल्यांनी मात्र आयबसच्या नादी लागूच नये असं माझं मत, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये नुसता भारतीय लेआउट वाढवला की झालं, ना डीमन ना फाइल ना हा तमाशा.

अनिकेत९१:
इथंच विचारतो, माझं उबुंटू २४.०४ आहे, एनव्हिडियाचं कार्ड, काल अपडेट केल्यापासून लॉगिन स्क्रीनच येत नाही, सरळ काळं. मी पण .एक्सप्रोफाइल शोधली पण माझ्याकडं ती फाइलच नाही

खटपट्या:
अनिकेत, तुमचा आजार वेगळा, वेगळा धागा काढा. थोडक्यात सांगतो: चालू करताना ग्रबच्या, म्हणजे बूटच्या, मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडा. त्यावर चाललं तर नव्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्यूल तयार झालेलं नाही, डीकेएमएस स्टेटस टाकून बघा. मॉड्यूल तयार आहे तरी चढत नसेल तर मोकयुटिल डॅश डॅश एसबी डॅश स्टेट टाकून सिक्युअर बूट चालू आहे का बघा. बूट होताना निळी स्क्रीन येऊन पासवर्ड मागत होती आणि तुम्ही घाईत कंटिन्यू दाबलं असं झालं होतं का?

अनिकेत९१:
हो दाबलं होतं 😬 धागा काढतो

झेरॉक्सवाला_तासगाव:
इनपुट मेथडवालं केलं, रेमिंग्टन चालू झालं, हा प्रतिसाद त्यावरच टाइप केलाय. मुद्दाम तीनदा रीस्टार्ट करून बघितला. बॅकअपपण घेतला आत्ताच. शेवटचं एक विचारतो, हा चाचणी नावाचा युजर काढायचा कसा? लॉगिनला माझ्या नावाच्या वर येऊन बसतोय.

मीनल_बंगळूर:
आधी त्याच्या डेस्कटॉपवर काही सेव्ह केलेलं नाही ना बघा. मग सुडो डेलयुजर डॅश डॅश रिमूव्ह डॅश होम आणि पुढं चाचणीचं नाव. एंटर मारायच्या आधी नाव दोनदा वाचा, होम फोल्डरसकट जातं ते.

झेरॉक्सवाला_तासगाव:
चारदा वाचलं. गेला. चाचणीच गेला, मी आहे.